तो कपडे बदलतोय

शनिवार, ११ जानेवारी

आज एकटी उतरले. लिहून टाकलं एकदाचं.

ही वही कपाटात चादरींच्या खाली असते, इथे खरं लिहायला कुणाची भीती नाही. बाकी दोन वह्यांत आज खोटं लिहून आले आहे. एक पाणबुड्यांच्या क्लबच्या शेडमधली हवेची वही. सिलिंडर भरून घेतला की तिच्यात नाव, वेळ आणि कुणाबरोबर उतरणार ते लिहायचं. शेवटचा रकाना रिकामा असला तर हवा मिळत नाही, असा ओद्वारचा नियम आहे. शेडची किल्ली, कॉम्प्रेसर, वही, सगळं तोच सांभाळतो. त्या रकान्यात मी ठसठशीत लिहिलं, 'ओद्वार'. दुसरी माझी स्वतःची बुड्यांची वही. तिच्यात प्रत्येक बुडीखाली जोडीदाराने सही करायची असते. तीही मीच ठोकली. गोल गरगरीत ओ आणि त्याला उंदराचं शेपूट. बावीस वर्षं ती सही बघतेय, हात कुठे अडला नाही.

ओद्वार नोव्हेंबरपासून पाण्यात उतरत नाही. कान दुखतात म्हणे.

कान कशाने दुखायला लागले ते मला चांगलं ठाऊक आहे. तो पाण्याखाली धाप लागल्यासारखी हवा ओढतो. अर्ध्या तासात त्याच्या हवेचा काटा लाल रेघेवर येतो, मग तो अंगठा वर करतो, म्हणजे 'वर चल'. की मग दोघांनी वर यायचं. माझा सिलिंडर अर्धा भरलेला असला तरी यायचं. बावीस वर्षं आले. ऑक्टोबरात एकदा हेडमास्तर नुकता तोंड बाहेर काढत होता. पाणकावळ्यांच्या खडकाखाली कपारीत एक मोठा दातविचक्या मासा राहतो, त्याला आम्ही हेडमास्तर म्हणतो. नेमका तेव्हा ओद्वारचा अंगठा वर झाला. परत येताना गाडीत मी फटकन बोलले, "तुझ्याबरोबर उतरलं की अर्धंच पाणी बघायला मिळतं."

तो हसला. पुढच्या आठवड्यात कान दुखायला लागले.

संध्याकाळी माग्नेचा फोन आला. नवरा तिकडे समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, बायको इकडे समुद्रात, असा आमचा संसार. "उतरली होतीस? कुणाबरोबर?"

"ओद्वारबरोबर. दुसरं कोण आहे मला?"

"मग झालं."

लग्नात आमचा करार झालाय. मी एकटीने पाण्यात उतरायचं नाही, त्याने प्लॅटफॉर्मवर दारूला शिवायचं नाही. तिकडे दारू मिळतच नाही. म्हणजे करार माझ्या एकटीच्या गळ्यात होता आणि तो मी आज मोडला.

शेहेचाळीस मिनिटं खाली होते. कुणाकडे बघायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. तळाला पोचल्यावर सवयीने डावीकडे वळून बोटांचा गोल करून दाखवला, 'ठीक आहे' म्हणून. डावीकडे नुसतं शेवाळ होतं.

शनिवार, २५ जानेवारी

तिसरी बुडी. आमच्या जुन्या जागी, रेतीच्या खाणीकडून उतरायला अजून मन घेत नाही. मी खडकाच्या या बाजूने, जुन्या धक्क्यावरून उतरते.

सकाळी सिलिंडर भरायला गेले तर ओद्वार शेडमध्येच. कॉम्प्रेसरचं काहीतरी उघडून बसला होता. हवेची वही त्याच्या कोपराशी होती, आणि तिच्यात दोन शनिवार ओळीने त्याचं नाव.

"कान कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत आपल्या जागी." त्याने माझ्या हातातला सिलिंडर न विचारता घेतला आणि भरायला लावला. "आज दीडला पाण्याची ओढ फिरते. धक्क्याकडून असेल तर बाराच्या आधी."

"मला काय सांगतोस? मी चालायला जाते."

"मग चालताना लक्षात ठेव."

काठोकाठ भरून दिला. मी वहीत त्याच्यासमोर काही लिहिलं नाही, तो मशीनचे तास बघायला वळला तेव्हा पटकन लिहिलं. तो वही वाचत नाही, नुसते मशीनचे तास उतरवून घेतो, हे एक बरं आहे. कोपऱ्यात त्याचा पिवळ्या पट्टीचा सिलिंडर होता. बाजूला सरकवायला हात लावला तर गरम. नुकती हवा भरली की असा गरम लागतो. कुणा नवशिक्याला देणार असेल. त्याच्या कपाळावर लाल वळ उठला होता. मी म्हटलं, "टोपी घालून झोपलास का रे?" तर म्हणाला, "गुनवोरने घट्ट विणलीय."

वाईट वाटलं. माणूस माझी हवा भरतो आणि मी त्याचं नाव चोरते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून सुटले आणि दुकानात गुनवोर भेटली. ओद्वारची बायको. तिने पिशवीतून लोकरी मोज्यांचा जोड काढून माझ्या हातात कोंबला.

"तुम्हा दोघांना एकाच लोकरीचे केलेत. या वयात थंडी बाधत नाही का गं तुला?"

"बाधते की."

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त असते, तूरिद. नाहीतर शनिवारी माझा जीव नुसता वरखाली."

मी 'हं हं' करत बटाटे निवडत राहिले. घरी आल्यावर डोकं चालू झालं. ती कशाबद्दल बोलत होती? ओद्वारने कानांचं तिला सांगितलंच नसेल. पुरुष कुठे सांगतात. शनिवारी घराबाहेर जाऊन कॉफी पीत बसत असेल आणि बायकोला पाण्यात होतो म्हणून सांगत असेल. बिचारा. माझ्या त्या एका वाक्याने त्याला घरातसुद्धा खोटं बोलायला लावलं.

मोजे उबदार आहेत. घातले की टोचतात, पण ते लोकरीमुळे नसावं.

शनिवार, १ मार्च

ओद्वारला हेलिकॉप्टरने बर्गनला नेलं. जिवंत आहे. मी काय केलं ते आज लिहवत नाही.

रविवार, २ मार्च

लिहिते.

काल आठवी बुडी. मन घट्ट करून धक्क्याकडून खडकाच्या टोकापर्यंत गेले, हेडमास्तरच्या कपारीच्या दिशेने. टोकाशी पोचले तेव्हा पलीकडे खाली क्षणभर उजेड हलल्यासारखा वाटला, मग काही नाही. डोळ्यांचा भास म्हटलं आणि वळले. वर आले तेव्हा सिलिंडरमध्ये अर्धी हवा शिल्लक होती. गाडीशी उभी राहून केस पुसत होते तर फोन वाजला. तीन वाजायला आठ मिनिटं कमी होती. गुनवोर.

"वर आलात ना गं? अडीचला त्याचा फोन येतो दर शनिवारी, आज आलाच नाही. खीर टाकायची की नाही मी?"

शनिवार होता. शनिवारी त्यांच्याकडे भाताची खीर असते, सगळ्यांकडेच असते. मी तिथे नुसतं एवढं म्हणायला हवं होतं, 'तो माझ्याबरोबर नाहीये.' पाच शब्दसुद्धा नाहीत. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू कुणाबरोबर आहेस? आणि संध्याकाळपर्यंत ते माग्नेपर्यंत पोचलं असतं. शिवाय वाटलं, ओद्वार कुठेतरी कॉफी पीत बसलाय, त्याला कशाला उघडं पाडू. जोडीदार आहे माझा. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण पहिलं होतं.

"आलो की वर," मी म्हटलं. "तो कपडे बदलतोय. टाक तू खीर."

"मग लोणी बाहेर काढून ठेवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मला हसू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. मी ओद्वारला मेसेज केला, 'तुझ्या बायकोला सांगितलंय तू माझ्याबरोबर आहेस. कुठे उलथलायस, लबाडा?' मग थर्मासमधली कॉफी प्यायले. सूट धुतला. सावकाश आवरलं. घरी जाताना रेतीच्या खाणीच्या वळणावर त्याची करडी गाडी दिसली. काचेवर दव धरलं होतं. मागचं दार उघडं, आत पिवळ्या पट्टीच्या सिलिंडरची जागा रिकामी.

धावत खाली गेले. तो शेवाळावर पालथा पडला होता, भरतीचं पाणी कमरेपर्यंत आलं होतं. हातांनी ओढत ओढत तेवढाच आला होता.

"तूरिद," तो म्हणाला, "माझे पाय मला जाणवत नाहीत."

मदतीला फोन केला तेव्हा चार वाजायला सव्वीस मिनिटं होती. फोनवर दिसतंय. बेचाळीस मिनिटं.

ते येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तो तुटक तुटक सांगत होता. खोलवर तोंडातली नळी गोठली, हवा भसाभस सुटली, सिलिंडर बघता बघता रिकामा. सुसाट वर आला. असं वर आलं की रक्तात बुडबुडे धरतात, ते त्याच्या पाठीच्या कण्यात धरले. बरोबर कुणी असतं तर त्याची दुसरी नळी तोंडात घालून दोघं सावकाश वर आले असते. जोडीदार तेवढ्यासाठीच असतो. हे मला त्यानेच शिकवलं, क्लबच्या हौदात, बावीस वर्षांपूर्वी.

हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा त्याने माझी बाही धरली. "गुनवोरला सांग, तू होतीस बरोबर."

मी हो म्हटलं.

सोमवार, ३ मार्च

गुनवोर काल सकाळच्याच विमानाने बर्गनला गेली. जायच्या आधी तिला त्याच्या गाडीची किल्ली आणि फोन नेऊन दिला. फोन गाडीतच राहिला होता. माझा मेसेज त्यात आहे. शनिवारी रात्रभर तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता आणि तो धक्क्यावरून पाण्यात टाकावा असं माझ्या मनात आलं. ओद्वार तिकडे रक्तातले बुडबुडे विरावेत म्हणून दाबाच्या खोलीत पडलेला, आणि मी इथे फोन बुडवायचा विचार करत बसलेली. अशी मी आहे.

पण बॅटरी संपली होती, पडदा काळाच होता. गुनवोरने तो न बघता पर्समध्ये टाकला. तिला फोनमधलं काही कळत नाही, नातीला विचारून विचारून वापरते.

"तू नसतीस तर तो गेलाच असता," ती म्हणाली आणि मला मिठी मारली. तिच्या अंगाला करपलेल्या दुधाचा वास येत होता.

बुधवार, १२ मार्च

डॉक्टरांनी गुनवोरला सांगितलं, लवकर ऑक्सिजन आणि लवकर दाब, यावर सगळं असतं. किती मिनिटांनी किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकत नाही. मी फोनवर दोनदा विचारलं. कुणीच सांगू शकत नाही का? नाही म्हणाली. कुणी तरी आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं. आता मलाच रोज नवा धरावा लागतो.

ओद्वारचे हात ठीक आहेत. पायांत थोडी जाग आलीय, डाव्यात कमी. त्याला पलीकडच्या गावातल्या पुनर्वसन केंद्रात आणलंय, फेरीबोट धरून इथून तासाभरावर.

शनिवार, १५ मार्च

गुनवोरने क्लबच्या लोकांना कॉफीला बोलावलं. केक दोन प्रकारचे. मला मधल्या खुर्चीत बसवलं.

"सांग ना तूरिद सगळ्यांना, कसं झालं ते."

"तू सांग, तुला माहीतच आहे."

"मी कुठे होते तिथे? तू होतीस. अगदी पहिल्यापासून सांग. वर आलात, मग?"

मी सांगितलं. जेवढं कमी सांगता येईल तेवढं. हवा सुटली, तो वर गेला, मी मागून आले, ओढत काठावर आणलं. लोक मान हलवत होते. एकाने मला पदक मिळायला पाहिजे म्हटलं. गुनवोर केकची बशी धरून माझ्यासमोर उभी होती.

"आणि मी फोन केला तेव्हा?" तिने विचारलं. "तेव्हा तुम्ही नेमके कुठे होता?"

"तेव्हा... गडबडीत होते गं. काय बोलले आठवत नाही."

"असं," ती म्हणाली. "घे, आणखी एक तुकडा घे."

कशी बाई आहे. नवरा असा पडलाय आणि ही माझं कोडकौतुक करतेय. केक तिने दिला म्हणून खाल्ला. निघताना तिने ओद्वारची ओली पिशवी माझ्याकडे दिली. "सूट वाळव आणि आतलं सगळं नीट बघून घे. मला त्यातलं काही कळत नाही."

रविवार, १६ मार्च

पिशवीत त्याची बुड्यांची वही होती. कडेने ओली, पण वाचता येते.

ऑक्टोबरनंतर सोळा बुड्या. सगळ्या रेतीच्या खाणीकडून. जोडीदाराच्या रकान्यात दर वेळी माझं नाव, आणि खाली माझी सही. ती अगदीच वाईट काढलीय. माझा टी त्याने छत्रीसारखा काढलाय, मी असा कधी काढत नाही. कुणीही ओळखलं असतं.

वेळेचा रकाना वाचला. नोव्हेंबरात २८ मिनिटं. मग ३०, ३१, ३१, ३४. जानेवारीत ३७. फेब्रुवारीच्या शेवटी ४१. नोव्हेंबरच्या पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलंय, 'सावकाश श्वास. तूरिदला पंचेचाळीस लागतात.'

कान कधी दुखलेच नव्हते. चार महिने हा माणूस एकटा तळाशी बसून श्वास मोजत होता, म्हणजे माझ्याबरोबर पुन्हा उतरता यावं. आणि मी पलीकडच्या बाजूला, त्याचं ओझं नाही म्हणून मजेत.

हवेच्या वहीतलं माझं खोटंही त्याला माहीत असणार. दीडला ओढ फिरते, धक्क्याकडून असेल तर बाराच्या आधी. मी त्याच्यापुढे धक्क्याचं नावही काढलं नव्हतं.

मंगळवार, १८ मार्च

ओद्वारला भेटून आले. बारीक झालाय. चाकांच्या खुर्चीत बसलेला, पायांवर घोंगडी.

वही त्याच्या मांडीवर ठेवली. तो कानांपर्यंत लाल झाला.

"वाचलीस?"

"छत्री छान काढतोस."

तो हसला, मग मीही. मग दोघांनाही हसणं पुढे नेता येईना.

"गुनवोरला हे नको," तो म्हणाला. "तिला वाटतंय आपण दोघं होतो. तेच राहू दे. एक तारखेची बुडी लिहायची राहिलीय, ती मी लिहितो, तू खाली सही कर. या वेळी खरी." त्याने ती तिथेच लिहिली, जोडीदार म्हणून माझं नाव घातलं आणि पेन पुढे केलं. "चूक माझीच, तूरिद. माझा नियम मीच मोडला. त्यात माझे पाय गेले, दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही."

मी म्हटलं पेन चालत नाही, घरून करून आणते. पेन चांगलं चालत होतं. वही घेऊन घरी आले.

त्या फोनचं त्याला माहीत नाही. तो शेवाळावर पडून कान देऊन ऐकत होता, कुणी येतंय का, आणि मी रस्त्याने दोन किलोमीटरवर कॉफी पीत होते, हे त्याला माहीत नाही. त्याला वाटतं सगळा दोष त्याचा. मी गप्प बसले तर तो आयुष्यभर तसंच धरून चालेल. चालेल म्हणजे काय, बसेल.

शनिवार, २२ मार्च

गुनवोरकडे गेले. दाराशीच सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण ती शेगडीपाशी खीर ढवळत होती आणि वळलीच नाही.

"बस. थांबवलं तर बुडाला लागते."

मी उभ्यानेच सांगितलं. मी त्याच्याबरोबर नव्हते. मी पलीकडे होते, एकटी. तुझा फोन आला तेव्हा तो कुठे आहे मला माहीत नव्हतं. मी खोटं बोलले, स्वतःला वाचवायला.

तिने ढवळणं थांबवलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चार्जर असतो माझ्या पर्समध्ये. विमानतळावर बसल्या बसल्या लावला. पडदा उजळला आणि वर तुझंच नाव."

मी खुर्ची ओढून बसले.

"एकवीस दिवस घेतलेस. मी म्हटलं बघू, किती घेते."

"मग लोकांसमोर ते कौतुक? ते केक?"

"दार उघडून धरलं होतं तुझ्यासाठी. दर वेळी. तू आत आलीस, केक खाल्लास आणि गेलीस." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "त्या दिवशी मी अशीच इथे उभी होते, तूरिद. तू म्हणालीस कपडे बदलतोय, म्हणून दूध चढवलं. चाळीस मिनिटं ढवळत होते. खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, म्हटलं आता येईल, भूक लागली असेल त्याला. खीर झाली तरी आचेवरच ठेवली, मग इस्पितळाचा फोन आला आणि पातेलं तसंच राहिलं. जळलं खालून."

मी माफी मागितली. मागताना ती किती हलकी वाटते हे माझं मलाच कळलं.

"त्याला माहीत नाही," ती म्हणाली. "रोज मला म्हणतो, माझीच चूक. त्याला तू सांगायचं. मी नाही सांगणार तुझ्यासाठी."

खीर झाली. तिने एकच वाडगा काढला. मी निघाले.

सोमवार, २४ मार्च

माग्नेला सांगितलं, सगळं, फोनवर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आठवड्याने येतोय घरी. तोवर पाण्याजवळ जाऊ नकोस." चिडला असता तर सोपं गेलं असतं.

माझ्या वहीतल्या आठही सह्या खोडल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं, एकटी. शेडमध्ये जाऊन हवेच्या वहीतही लिहिलं. तिथे माझ्या नावापुढे समासात, दर शनिवारी, बारीक पेन्सिलीने ओढीची वेळ लिहिलेली होती. मी इतके दिवस पाहिलीच नव्हती.

शनिवार, २९ मार्च

ओद्वारला सांगितलं.

खोलीत दोघंच होतो. मी फोनपासून सुरुवात केली आणि कॉफीपर्यंत सगळं सांगितलं, हसू आलं होतं तेही सांगितलं. तो घोंगडीचा काठ बोटात गुंडाळत राहिला. ऐकून झाल्यावर खिडकीबाहेर बघत बसला.

"भरती चढत होती," तो म्हणाला. "मला वाटलं गुनवोरने एव्हाना कुणाला तरी फोन केला असेल. ती करतेच. त्याच जोरावर पडून होतो."

"केला होता तिने. मला."

"हं."

मग म्हणाला, "तुझे बुडबुडे दिसले होते मला. खडकाच्या टोकाशी. तुझेच, तू हवा सोडतेस ती ओळखतो मी. दिवा विझवला आणि खाली गेलो, आणखी खोल, तुला दिसू नये म्हणून. अजून माझी पंचेचाळीस मिनिटं झाली नव्हती." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "खाली पाणी फार गार होतं. तिथेच नळी गोठली."

म्हणजे तो उजेड होता. मी भास म्हणून वळले आणि तो माझ्यापासून लपायला खोल गेला. हाक मारण्याइतक्या अंतरावर होतो आम्ही, पण पाण्याखाली हाक मारता येत नाही.

"हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये," तो म्हणाला.

"मला बरं वाटलंही नाही."

एक तारखेचं पान मी पुढे केलं. सहीची जागा कोरीच होती. त्याने पेन घेतलं, जोडीदाराच्या रकान्यातलं माझं नाव खोडलं आणि वही मिटली.

अकरा वाजता व्यायामाची वेळ. दोन समांतर दांड्या आहेत, त्या धरून तो उभा राहायला शिकतोय. तिथे नियम आहे, दोन्ही बाजूंना माणूस असल्याशिवाय उठायचं नाही. व्यायाम घेणारी बाई आजारी म्हणून आली नव्हती. मी पुढे झाले तर तो म्हणाला, "नको. गुनवोर येईल." मग मी भिंतीपाशी बसले. तो खुर्चीत बसला. दोघंही दाराकडे बघत थांबलो.

गुनवोर आली ती धापा टाकत, फेरीबोट चुकली म्हणून. कोट काढला, माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. झालंय सांगून, हे तिला कळलं असावं.

"बसलीस काय?" ती मला म्हणाली. "डावीकडे उभी राहा. मी माफ केलं असं काही मनात आणू नकोस. मला एकटीला तो पेलत नाही."

मी डावीकडे उभी राहिले. त्याने दांड्या धरल्या आणि उठला. मोजे तेच होते, माझ्यासारखेच. पहिलं पाऊल, दुसरं. तो धाप लागल्यासारखी हवा ओढत होता, बावीस वर्षं ओढतो तशी. तिसरं. चौथ्याला डावा पाय थरथरला, दांडीवरची बोटं तशीच राहिली आणि अंगठा वर झाला.

मी मागची खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्यांमागे लावली. तो बसला.

"अजून दोन झाली असती की," गुनवोर म्हणाली.

"झाली असती," मी म्हटलं. "पण त्याने अंगठा दाखवला."